सुबिरा थांबेना

बोटीचं नाव सुबिरा, म्हणजे सबुरी. पण यंदा रमजान सरला आणि तिची सबुरी कुठल्याशा खाडीत बुडाली. माटोंडोनी गावाच्या धक्क्याला बोट लागावी, फमाऊने दोर टाकावा, त्याच्या काकाने, लाली नाखव्याने, गिअर न्यूट्रलला आणावा, आणि हिने गुपचूप पुढे सरकायला लागावं. फार नाही, वीतभर. मग आणखी वीतभर. लग्नाच्या जेवणात मोठ्या थाळ्याकडे सरकत जाणाऱ्या पाहुण्यासारखी.

सुरुवातीला लोकांनी हसण्यावारी नेलं. "नाखवा, बोटीला सांग, गाव इथेच संपतं," असं कुणी म्हणायचं आणि लालीही हसायचा. मग गेल्या शनिवारी झेना बिबी उतरत होती. तिचा एक पाय धक्क्याच्या पायरीवर होता, दुसरा बोटीत, आणि बोट सरकली. बिबी पाण्यात पडली नाही एवढंच नशीब. ती पायरीवर आपटली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. झेना बिबी गावची सुईण. निम्म्या गावाला याच हाताने जगात आणलेलं.

"काका, गिअर!" फमाऊ ओरडला, ते सगळ्या धक्क्याने ऐकलं. लाली दचकला, त्याने दांडा पुढे-मागे केला आणि बोट थांबली, तेही सगळ्यांनी पाहिलं. मग कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. म्हातारा गिअर काढायला विसरला, असं जो तो म्हणू लागला. बोटवाल्यांनी ठरवलं की शुक्रवारी दुपारी चिंचेखाली बसायचं आणि लालीला समजावून सांगायचं, की बाबा, आता सुकाणू पुतण्याच्या हाती दे. फमाऊ चांगला मुलगा होता, त्याने काही हावरेपणा केला नाही. पण नकोही म्हणाला नाही.

लालीची बायको सोमोए हे सगळं विहिरीवर ऐकून आली आणि घरात येऊन चटई विणायला बसली. माटोंडोनीत बाया चटया विणतात आणि पुरुष बोटी बांधतात. दोघांनाही वाटतं की गाव आपल्यामुळे चाललंय. सोमोएचे हात भराभर चालत होते, पण पट्टी तिरकी जात होती. तिला काळजी बोटीची नव्हती. बोट गेली तर गेली, चटया आहेत, नारळाची चार झाडं आहेत. तिला काळजी होती ती सकाळच्या चहाला लाली जे पुटपुटायचा त्याची.

"तुटका खांब," तो पेल्यात बघत म्हणायचा. "मग बगळ्यांची वाळू. मग दोन बहिणी. मग गाढवाची खाडी. बरोबर ना, सोमोए?"

"मला काय विचारतोस? नाखवा तू आहेस."

"बरोबर आहे का ते सांग."

"बरोबर आहे."

लामू शहराच्या वाटेवरच्या खुणा होत्या त्या. पन्नास वर्षं तो त्या वाटेने जात होता, झोपेतही चुकला नसता. पण त्याचा थोरला भाऊ ओबो असाच आधी छोट्या गोष्टी विसरू लागला होता. आधी चावी, मग नमाजाची वेळ, मग स्वतःचं दार. शेवटची दोन वर्षं तो ओहोटीच्या चिखलात उभा राहून कधीच मोडून गेलेल्या बोटीला हाका मारायचा, आणि लाली त्याला हाताला धरून घरी आणायचा. आता लाली रोज खुणा मोजत होता. शनिवारनंतर तर धक्क्याला लागताना तो मोठ्याने "न्यूट्रल" म्हणू लागला, म्हणजे निदान कानाने तरी साक्ष द्यावी. तरी सोमवारी बोट सरकलीच.

"मी म्हटलं होतं," तो त्या दिवशी तिला म्हणाला. "दांडा मधोमध आणला होता, खट्ट वाजलेलं ऐकलं होतं. मग वाकून बघतो तर शाफ्ट थांबलेला. म्हणजे मी आधी टाकलाच नव्हता, हात लागल्यावर पडला. खट्ट वाजलेलं मला नुसतं वाटलं."

सोमोएने त्याच दिवशी लामूच्या मिस्त्रीला निरोप धाडला.

मिस्त्री शेकुवे बुधवारी सकाळच्या भरतीबरोबर आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि तोंड इंजिनापेक्षा जास्त चालणारा माणूस. त्याने आल्याबरोबर सोमोएकडे एक चिंधी मागितली. तिने जुन्या ओढणीची लाल पट्टी फाडून दिली. त्याने बोटीच्या फळ्या उचलल्या, खाली उतरला आणि शाफ्टला ती पट्टी गाठ मारून बांधली.

"शाफ्ट गुळगुळीत असतो, बिबी, फिरतो की नाही कळत नाही," तो खालून म्हणाला. "चिंधीला मात्र खोटं बोलता येत नाही. बाबा, चालू करा."

लालीने इंजिन चालू केलं. तो सुकाणूपाशी उभा होता, डोलकाठीसारखा ताठ. सोमोए धक्क्याच्या कडेला चटईची पट्टी घेऊन बसली होती. तिथून तिला त्याचा डावा पाय लुंगीखाली थरथरताना दिसत होता. त्या पायाचं कारण गावात तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

गोष्ट अशी होती. माटोंडोनीचा नाखवा धक्क्याला लागताना बसत नाही. उन्हात, वाऱ्यात, तापात, उपासात, काही असो, तो उभा राहूनच बोट लावतो. बसतात ते उतारू. बोटवाल्यांतला सगळ्यात थोर म्हातारा बुनू याने हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं होतं की लहान पोरांच्या खेळातही सुकाणूवाला उभाच असायचा. आणि रमजानाच्या शेवटच्या आठवड्यात लालीच्या कमरेने दगा दिला. तो घरी येऊन जमिनीवर सपाट पडायचा आणि छताकडे बघत राहायचा. सोमोए दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी तिने बोट बांधणाऱ्यांकडून आंब्याच्या लाकडाची उरलेली फळी मागून आणली आणि लालीला ती सुकाणूमागे आडवी टाकायला लावली, कमरेच्या उंचीवर. तिच्यावर ताडाच्या पातीची विणलेली गादी घातली, आत सावरीचा कापूस भरला. पुढून चटईचा पडदा सोडला. तिच्यावर माणूस अर्धवट टेकला की लुंगी सरळ खाली पडायची आणि समोरून तो उभाच दिसायचा. विचारलंच कुणी तर तो दोर ठेवायचा खोका होता. पन्नास वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेली ही पहिली लबाडी, आणि ती करताना दोघंही चोरासारखे हसले होते.

पण आज परका मिस्त्री समोर होता. त्याच्यापुढे टेकायचं म्हणजे काय? लाली उभा राहिला तो राहिलाच.

शेकुवेने आधी इंजिन गरम होऊ दिलं. मग त्याचा वेग कान लावून ऐकला आणि थोडा उतरवला.

"रिकामं इंजिन जास्त पळत असलं ना बाबा, की क्लच सुटला तरी नुसत्या तेलाच्या ओढीने शाफ्ट फिरतो. पण तुमचं काही फार नव्हतं." त्याने गिअरच्या तेलाची कांडी ओढली, बोटावर थेंब घेतला, हुंगला. "जळका वास नाही. काळं पडलेलं नाही. बटाटे तळून खावेत असं तेल आहे."

"खा मग," लाली म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

मग शेकुवेने दांड्याकडून येणारी केबल गिअरच्या डब्यावरून सोडवली आणि डब्याचा लहान हात आपल्या हाताने हलवून पाहिला. पुढे, मध्ये, मागे, मध्ये. मध्ये आला की खट्ट वाजायचं आणि लाल पट्टी जागच्या जागी थांबायची. "आतला क्लच साफ सुटतोय," तो म्हणाला. "डबा खोलायची गरज नाही, अल्लाचे आभार माना." केबल परत जोडली. "आता तुम्ही तिकडून दांडा हलवा. मी थांब म्हणेपर्यंत."

लाली हलवत राहिला. तो प्रत्येक वेळी "न्यूट्रल" म्हणायचा आणि प्रत्येक वेळी लाल पट्टी थांबायची. वीस वेळा झालं. मग गाढवाच्या खाडीपर्यंत बोट नेऊन आणली, कदाचित तेल तापल्यावर खोड उठत असेल म्हणून. धक्क्याला लागली, लाली उभा, दांडा मधोमध. सुबिरा पाण्यावर अशी स्थिर राहिली की बगळ्याने येऊन बसावं. सोमोएला तिला एक चापट मारावीशी वाटली.

शेकुवे वर आला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"बाबा, बोटीत काही नाही."

"तपासलंस सगळं?"

"केबल बघितली, तेल बघितलं, वेग बघितला, क्लच बघितला. तुमच्या वयाचा माणूस इतका धडधाकट असता तर त्याने दुसरं लग्न केलं असतं." तो विनोद कुठेच पोचला नाही हे त्याला कळलं. त्याने नजर खाली घेतली. "बोट चांगली आहे."

"म्हणजे मी," लाली म्हणाला.

लालीने गळ्यातल्या दोरीला लटकलेली बोटीची चावी काढली आणि हातात धरून घराकडे चालू लागला. सोमोए मागोमाग निघाली. वाटेत बोट बांधणाऱ्यांच्या हातोड्या चालू होत्या, कुणीतरी सलाम केला, लालीने उत्तर दिलं. घरात येऊन त्याने चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकवली.

"फमाऊ संध्याकाळी येईल तेव्हा दे त्याला," तो म्हणाला. "शुक्रवारची वाट कशाला बघायची? चारचौघांत ऐकून घ्यायचं, त्यापेक्षा हे बरं."

"जेवून घे आधी."

"ओबोला कळलं होतं का गं? सुरुवातीला? का आपल्यालाच आधी कळलं?"

सोमोए चुलीकडे वळली. त्याच्याकडे तोंड करून रडायचं नाही, असं तिने शनिवारीच ठरवलं होतं, आणि ठरवलेलं ती सहसा मोडत नसे. नारळाच्या रसातला मासा तिने ताटात काढला, भात काढला. मागे काथ्याच्या बाजेवर लाली बसल्याचा आवाज झाला, आणि त्याच्या जोडीला करकर, करकर असा दुसरा आवाज.

तिने वळून पाहिलं. सकाळी घाईत तिने पातीची उंच टोपली बाजेखाली सरकवली होती. लाली बसला तशी बाज मध्यभागी खाली वाकली आणि टोपलीच्या कडेवर टेकली. तो पाणी प्यायला उठला. बाज वर आली, टोपली गप्प झाली. तो परत बसला. करकर.

सोमोए ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काय झालं?" लालीने विचारलं.

"काही नाही. मिस्त्री उपाशी आहे. ओहोटी लागल्याशिवाय जात नाही तो. त्याला देऊन येते."

"माझं ताट?"

"हेच त्याला नेते. तुझं पातेल्यात आहे, हाताने घे. हात चांगले आहेत तुझे."

शेकुवे धक्क्यावर सावलीत पाय पसरून बसला होता. ताट बघून त्याचा चेहरा खुलला. पण सोमोएने ताट दिलं नाही, बाजूच्या दगडावर ठेवलं आणि खिळ्यावरून गुपचूप काढून आणलेली चावी पुढे केली.

"आधी इंजिन चालू कर."

"बिबी, जेवल्यावर..."

"मासा पळून जात नाही. तो मेलेला आहे."

शेकुवे उठला. सोमोए लुगड्यासारखी कमरेला गुंडाळलेली खांगा आवरून बोटीत उतरली, चटईचा पडदा बाजूला सारला आणि फळीवरच्या गादीवर टेकली. शेकुवेने इंजिन चालू केलं, दांडा मधोमध आणला आणि खाली वाकला.

"पट्टी बघ. फिरते का?"

"नाही."

तिने पाय वर घेतले, सगळं अंग गादीवर टाकलं. "आता?"

"नाही फिरत, बिबी. काय चाललंय हे?"

सोमोए म्हणजे अंगाने काडी. लग्नातही तिची आई म्हणाली होती की या पोरीला वाऱ्याच्या दिवशी बाहेर सोडू नका. लाली हाडापेराने दणकट, तिच्या दुप्पट. तिने आजूबाजूला पाहिलं. कडेला डिझेलचा वीस लिटरचा कॅन होता, भरलेला.

"तो कॅन दे माझ्या मांडीवर."

शेकुवेने तिच्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं, आणि तो उचलून दिला. फळी कण्हली. सोमोएने दोन्ही हातांनी कॅन पोटाशी धरला, एखादं जाडजूड नातवंड धरावं तसा.

"आता?"

शेकुवे आणखी खाली वाकला.

"फिरतेय," शेकुवे म्हणाला. त्याचा आवाजच बदलला होता. "हळूहळू फिरतेय. बिबी, उठा." ती कॅनसकट उठली. "थांबली. बसा. फिरली. या खोक्यात आहे काय?"

खोका नव्हताच तो. शेकुवेने पडदा उचलून खाली डोकं घातलं, विजेरी लावली आणि लामूच्या बाजारात ऐकू येईल अशी शीळ घातली. गिअरची केबल त्या फळीच्या बरोबर खालून जात होती, ढिली, बोटभर अंतर ठेवून. वर वजन आलं की फळी अंगठाभर वाकायची आणि केबलवर टेकायची. केबल दबली की पुढे ओढली जायची, आणि गिअरच्या डब्यावरचा लहान हात मधोमधून केसभर पुढे सरकायचा. तेवढ्यावर क्लच अर्धवट पकड घ्यायचा. वजन उठलं की सगळं जागच्या जागी. उभ्या माणसाला ते दिसणं शक्यच नव्हतं.

"बसतं कोण इथे?" शेकुवेने विचारलं.

"मी," सोमोए म्हणाली. "गुडघे दुखतात माझे. बाजाराला जाते तेव्हा बसते."

"आणि बाजाराला जाताना तुम्ही डिझेलचा कॅन मांडीवर घेऊन बसता?"

"घेते. माझी मर्जी."

शेकुवेने गादीकडे पाहिलं. सावरीचा कापूस मध्यभागी चांगला रुंद दबलेला होता, सोमोएच्या तीन पट. मग त्याने सोमोएच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला काय कळायचं ते कळलं. तो वाचाळ होता, पण त्याला म्हातारा बाप होता.

"गुडघे वाईटच," तो म्हणाला. "माझ्या आईचेही असेच आहेत. बाबांना बोलावता?"

लाली आला तेव्हा शेकुवेने त्याला खाली वाकवून सगळं दाखवलं. फळी, केबल, डब्यावरचा लहान हात. सोमोए कॅन घेऊन बसली, उठली, बसली. लाल पट्टी फिरली, थांबली, फिरली.

"बिबीच्या बसण्याने झालं हे," शेकुवे म्हणाला. "दुसरं काही नाही."

लालीने त्या वाक्याकडे लक्षच दिलं नाही. तो पट्टीकडे बघत होता.

"म्हणजे मी न्यूट्रल टाकत होतो?"

"टाकत होतात, बाबा."

"शनिवारी? झेना बिबी उतरली तेव्हा?"

"तेव्हाही."

"दर वेळी?"

"दर वेळी. दांडा मधोमधच होता. तुमचा हात चुकला नाही."

लाली इंजिनाच्या पेटीला धरून हळूच खाली बसला, बोटीच्या तळावर, तेलकट पाण्यात, आणि त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. त्याचे खांदे हलत होते. सोमोएने कॅन बाजूला ठेवला आणि ती त्याच्याजवळ गेली. शेकुवे नेमका तेव्हाच ताटाकडे वळला आणि त्याने मासा फार लक्ष देऊन खाल्ला.

"तुटका खांब," लाली हातांआडून म्हणाला. "बगळ्यांची वाळू. दोन बहिणी. गाढवाची खाडी."

"बरोबर आहे रे," सोमोए म्हणाली. "सगळं बरोबर आहे. उद्यापासून चहा गप्प प्यायचा."

जेवण झाल्यावर शेकुवेने केबल फळीखालून काढून बोटीच्या कडेने वळवली, तीन ठिकाणी पट्ट्या ठोकल्या, आणि फळीच्या पोटाला तिवराच्या लाकडाचा जाड टेकू दिला. फळी काढू का, असं त्याने एकदा विचारलं होतं. लालीने तोंड उघडायच्या आत सोमोए म्हणाली होती, "माझे गुडघे तुला काय बोचतात?"

गुरुवारी विहिरीवर तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. टोपल्या ठेवायला आणि बसायला आपणच फळी टाकली, ती केबलवर टेकली, नाखव्याचा काही दोष नाही. बातमी दुपारपर्यंत चिंचेखाली पोचली. बुनू म्हणाला की बायकांचं बूड बोटीत टेकलं की असंच व्हायचं, आणि बाकीचे हसले. ते हसणं लालीच्या कानावर आलं.

सोमोए झेना बिबीकडेही गेली. प्लास्टरमधल्या हातापाशी बसून तिने तेच सांगितलं आणि माफी मागितली. बिबीने ऐकून घेतलं.

"तुझे गुडघे," बिबी म्हणाली. "चार बाळंतपणं केली मी तुझी. तुझ्या अंगात काय दुखतं आणि काय नाही, ते मला सांगतेस?" मग तिने डाव्या हाताने सोमोएचा गाल थोपटला. "उद्या हात दाखवायला लामूला जायचंय मला. लालीला सांग, त्याच्याच बोटीने जाणार आणि त्याच्याच बोटीने येणार."

शुक्रवारी दुपारी ऊन उतरल्यावर चिंचेखाली माणसं जमली. चिंच धक्क्याला लागूनच होती. फळीची हकिकत सगळ्यांना ठाऊक होती, तरी एकदा ठरलेली बैठक मोडायची कशी, म्हणून बसले; बुनू तेवढा उभा होता. सोमोए जरा लांब, धक्क्याच्या दगडावर, चटई घेऊन. तिवरांच्या वळणाआडून सुबिराचा आवाज आला, मग बोटीचं पुढचं टोक दिसलं.

बुनूने डोळ्यांवर हात धरला. "सुकाणूवर कोण आहे? नाखवा दिसत नाही."

चटईचा पडदा वर गुंडाळून बांधलेला होता. त्यामागे फळीवर, दोन्ही मांड्या गादीत रुतवून, एक पाय इंजिनाच्या पेटीवर ठेवून लाली बसला होता. टेकला नव्हता, चांगला ऐसपैस बसला होता. सगळा गाव बघत होता आणि तो बसूनच येत होता. सोमोएच्या हातातली पात सुटली.

बोट धक्क्याला लागली. फमाऊने दोर टाकला. "न्यूट्रल," लाली म्हणाला, खणखणीत. झेना बिबीने एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा बोटीत, आणि मुद्दाम तशीच उभी राहिली. एक, दोन, दहा श्वास. बोट आणि पायरीतली फट होती तेवढीच राहिली. मग तिने दुसरा पाय उचलून सावकाश धक्क्यावर ठेवला.

"फळी माझ्यासाठी होती," लाली चिंचेकडे बघत म्हणाला. इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून तो मोठ्याने बोलत होता. "बायकोच्या टोपल्या तिच्यावर कधी नव्हत्या. माझी कंबर गेली रमजानात. मी लपवलं, तिने झाकलं, आणि बिबीचा हात मोडला. त्या हाताची माफी मी बिबीच्या दारात येऊन मागणार आहे. पण यापुढे बोट लावीन ती बसूनच लावीन. चालत नसेल तर चावी ही घ्या."

सगळे बुनूकडे बघत होते.

"धक्क्याला लागताना बसतो तो उतारू," बुनू म्हणाला, पण नेहमीच्या जोराने नाही.

"असेल," झेना बिबी म्हणाली. "मग मला आज एका उतारूने सुखरूप आणलं. गेल्या शनिवारी त्याला उभं दिसायचं होतं, तेव्हा काय झालं ते बघ." तिने प्लास्टरचा हात त्याच्या नाकासमोर धरला.

बुनूने त्या हाताकडे पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांचा तो, डाव्या पायावर भार टाकून उभा होता, आणि एक हात चिंचेच्या बुंध्यावर होता. बैठक सुरू झाल्यापासून तो हात तिथून निघाला नव्हता.

"सरळ लावलीस," तो शेवटी लालीला म्हणाला. "बोट." आणि खाली बसला.

माणसं पांगली. उतारू उतरले, फमाऊने पोती उतरवली आणि चावीकडे न बघता काकाला सलाम करून गेला. लालीने इंजिन बंद केलं, पण तो उठला नाही. सोमोए बोटीपाशी आली.

"ऊठ आता, नाखवा. चहा टाकलाय."

"जरा बसू दे गं," लाली म्हणाला. "पन्नास वर्षं उभाच होतो."

सोमोएने घराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग खांगा आवरून तिने बोटीत पाय टाकला.

"सरक मग," ती म्हणाली.

नाखवा सरकला. फार नाही, वीतभर. मग आणखी वीतभर.